नौदलातला मित्र

सस्काटून, ६ ऑक्टोबर २०२४

सुरुची,

पाकिटावरचं अक्षर ओळखूनही तू ते उघडलंस, म्हणून आधीच आभार. तुझा पत्ता चित्राकाकूच्या वहीतून उतरवून घेतला. ती तुला दर दिवाळीला कार्ड पाठवते, हे मला ठाऊक आहे. मी हे पत्र लिहितोय, हे तिला ठाऊक नाही.

एकवीस वर्षांनी लिहितोय ते एका लहानशा कामासाठी. एडिथ मॅकरेची भाची जॅनेट तुला आठवत असेल. तिने गेल्या महिन्यात एडिथचं घर विकलं. बेसमेंट रिकामं करताना एक खोकं निघालं, ते ती माझ्याकडे ठेवून गेली. टोकियोच्या वकिलातीतले फोटो, मेजवान्यांची निमंत्रणं, नकाशे असं बरंच काही आहे. शिवाय एडिथच्या नवऱ्याची, म्हणजे आपल्या गॉर्डन मॅकरेची, एक नोंदवही. तिच्या एका पानावर चार ओळी जपानीत आहेत. अक्षर मॅकरेचं नाही. इथे माझ्या ओळखीत जपानी वाचणारं आता कुणी उरलं नाही. पानाची झेरॉक्स सोबत आहे. सवडीने अर्थ कळवलास तर बरं होईल.

आपल्यात जे झालं ते अभ्यासातले मतभेद होते, असं मी धरून चाललो आहे. तूही तसंच समजत असशील.

तू मिसिसागात जपानी यंत्रांचे सुटे भाग आणणाऱ्या कंपनीत आहेस, मुलगी दहावीत गेली, एवढं चित्राकडून कानावर येतं. इकडे अजून बर्फ नाही, पण चित्राने कालच विंटर टायर बसवून घेतले. निवृत्त झाली तरी डॉक्टरची सवय जात नाही, दुखणं येण्याआधीच औषध.

जनार्दन खांबेटे


सस्काटून, २८ ऑक्टोबर २०२४

सुरुची,

शुक्रवारी तुझं उत्तर आलं. मायन्यात तू अजून 'सर' लिहितेस. चार ओळींचा अर्थ चारच ओळींत दिलास: 'मी नौदलाचा नव्हतो. भूदलाच्या मुख्यालयातला मेजर आहे. तुम्हांला जे सांगितलं, ते सांगण्याची मला आज्ञा होती. शोवा सतरा, फेब्रुवारी.' म्हणजे १९४२. खाली तुझे दोन प्रश्न. झेरॉक्सचा खालचा भाग कापलेला का दिसतो? आणि वही माझ्याकडे नेमकी कधी आली?

पान मशीनवर तिरकं बसलं असावं. वहीचं मागच्या पत्रात लिहिलंच आहे.

तुझं म्हणणं खरं निघालं, हे मला मान्य केलं पाहिजे. दोन दिवस मी विचार करत होतो, की उद्या तुझ्या गौरांगीने विचारलं, आई, तू आणि तुझे सर कशावरून भांडलात, तर काय सांगावं? मी असं सांगेन. युद्धाच्या आधी टोकियोतल्या प्रत्येक वकिलातीला एकच गोष्ट कळून घ्यायची होती: जपानी पुढाऱ्यांमध्ये कुणाचं वजन किती. भूदलात दोन तट, एकमेकांच्या जिवावर उठलेले. नौदलातही दोन, एक अमेरिकेशी लढू नका म्हणणारा, दुसरा लढाच म्हणणारा. दरबारातले म्हातारे आणखी वेगळे. या सगळ्यात आमचा मॅकरे, इथल्याच गव्हाच्या शेतावर वाढलेला, कॅनडाच्या वकिलातीत तिसरा सचिव. त्याला एक माणूस भेटला. स्वतःला नौदलातला म्हणवायचा, साध्या कपड्यांत यायचा, दर पंधरवड्याला मॅकरेबरोबर जेवायचा. त्याने तीन वर्षं मॅकरेला सांगितलं, की नौदलातला शहाणा गट भूदलाला आवरून धरेल, तुम्ही फक्त घाई करू नका. मॅकरेने ते अहवालांत लिहिलं. पुढे त्या अहवालांवर मी पुस्तक लिहिलं, की जपानचं अंतरंग या एका माणसाला कळलं होतं आणि त्याचं कुणी ऐकलं नाही.

मग तू पुण्याहून जपानी शिकून माझ्याकडे पीएच.डी.ला आलीस. मॅकरे त्या मित्राचे शब्द रोमन लिपीत जसेच्या तसे उतरवायचा. तुला दिसलं, की तो मित्र कर्नलच्या बरोबरीच्या अधिकाऱ्याला दर वेळी 'ताइसा' म्हणतो. तो भूदलातला उच्चार. नौदलात त्याच अक्षरांना 'दाइसा' म्हणत. नौदलात उभं आयुष्य काढलेला माणूस असं बोलणार नाही, हे तू एकोणतीस पानांत मांडलंस.

मी म्हणालो, "एका अक्षरावर प्रबंध उभा राहत नाही."

तू म्हणालीस, "प्रबंध नाही राहत, सर. पण तुमचं पुस्तक पडतं."

ते प्रकरण काढ, मग सही करतो, असं मी सांगितलं. तू काढलं नाहीस.

आता वही सापडली आहे. पुढे काय करावं, तुझा सल्ला हवा आहे.

जनार्दन


सस्काटून, १३ नोव्हेंबर २०२४

सुरुची,

तुझ्या कार्डावर एकच वाक्य आहे. 'सर, पान तिरकं असतं तर कड तिरकी आली असती.'

खरं आहे. मी पट्टी ठेवून पान झाकलं होतं. झाकलेल्या भागात मॅकरेने त्या चार ओळींचा इंग्रजी अर्थ स्वतःच लिहून ठेवलाय. तुला विचारायची गरज नव्हती. मला तुला लिहायला निमित्त हवं होतं, आणि तेही मी सरळ मार्गाने शोधलं नाही.

खोकं खरं आहे. जॅनेटने घर विकलं, तेही खरं. पण वही त्या खोक्यात नव्हती. ती मे २००३ पासून माझ्या कपाटात आहे.

तू प्रकरण काढायला नकार दिलास, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी एडिथकडे गेलो. १९७३ साली या गावात आलो तेव्हा मी तिच्या बेसमेंटमध्ये भाडेकरू होतो, हे तुला माहीत आहे. बर्फात गाडी चालवायला तिने मला शिकवलं. नवऱ्याच्या अहवालांच्या प्रती तिनेच माझ्या हातात ठेवल्या होत्या. २००३ साली ती नव्वदीची होती. मी तिला तुझं 'ताइसा'चं प्रकरण सांगितलं. मला वाटलं, ती हसेल.

ती म्हणाली, "पोरगी हुशार आहे. असं कुणीतरी येईल, याचीच गॉर्डनला भीती होती."

मग तिने शिवणाच्या टेबलाचा खण उघडून वही काढली. मी तिथेच बसून वाचली.

युद्ध पुकारल्यावर वकिलातीतल्या सगळ्यांना आवारातच अडकवून ठेवलं होतं. फेब्रुवारीत एक दिवस तो मित्र आला, भूदलाच्या गणवेशात. मॅकरेने काही विचारलं नाही, फक्त वही पुढे केली. त्याने चार ओळी लिहिल्या, वाकून नमस्कार केला आणि गेला. त्याच्याखाली मॅकरे लिहितो, की ऑक्टोबर १९४१च्या अहवालात मी कळवलं, नौदल भूदलाला निदान वसंतापर्यंत रोखून धरेल. त्याच महिन्यात टॉमीची पलटण जहाजात बसली. माझ्या कागदाचा त्यात वाटा होता की नव्हता, हे मला कधीच कळणार नाही.

टॉमी म्हणजे एडिथचा धाकटा भाऊ. विनिपेगच्या पलटणीतून हाँगकाँगला गेला आणि परत आलाच नाही. तो जहाजात बसला तेव्हा त्याची मुलगी, जॅनेट, सहा महिन्यांची होती.

मॅकरेने हे बायकोला जन्मभर सांगितलं नाही. तो वारल्यावर, १९७१ साली, एडिथला वही सापडली. दोनच वर्षांनी मी तिच्या दारात उभा राहिलो, तेव्हा तिने मला अहवाल दिले आणि वही ठेवून घेतली. "तू त्याला मोठा केलास," ती म्हणाली. "मला ते बघायला आवडायचं." आणि वही माझ्याकडे देताना म्हणाली, "मी आहे तोवर नको. जॅनेटला कळायला नको."

मी वचन दिलं. दोन आठवड्यांनी तुझ्या प्रबंधावर 'अमान्य' असा शेरा लिहिला. काय वाचून आलो होतो, हे मला पुरतं माहीत होतं.

एडिथ २००९ साली गेली. तिथे वचन संपलं. त्यानंतरची पंधरा वर्षं तिच्या नावावर टाकता येत नाहीत, ती माझी आहेत. पुस्तकाची नवी आवृत्ती निघाली, मी प्रस्तावना लिहिली. निवृत्तीच्या समारंभात त्याच पुस्तकाचं कौतुक झालं, मी मान लववली.

याहून जास्त आज लिहवत नाही.

जनार्दन


सस्काटून, ८ डिसेंबर २०२४

सुरुची,

मागचं पत्र पेटीत टाकलं आणि दोन दिवसांनी टपालाचा संप सुरू झाला. ते तुझ्यापर्यंत पोचलं की कुठे थैलीत पडून आहे, कळायला मार्ग नाही. फोन करता आला असता. केला नाही. हेही संप मिटल्यावरच निघेल.

चित्राला सांगितलं. गुरुवारी सकाळी ती ड्राइव्हवेवरचं बर्फ शोव्हल करत होती आणि मी खिडकीतून बघत होतो. माझ्या गुडघ्यामुळे हे काम दोन वर्षांपासून तिच्याकडे आहे. ती आत आली, बूट काढायला बाकावर बसली, तेव्हा मी बोलायला सुरुवात केली. माझं संपेपर्यंत तिचा एक बूट पायातच होता.

"तिने सगळं सोडलं, त्या आठवड्यात ती आपल्याकडे जेवायला आली होती," चित्रा म्हणाली. "तुम्ही मीटिंग आहे सांगून बाहेर गेलात. आठवतंय?"

"आठवतंय."

"ती माझ्याजवळ रडली. म्हणाली, काकू, सर एवढं ठाम सांगतायत म्हणजे मलाच काहीतरी दिसत नसेल. मी तिला काय सांगितलं माहितीय? म्हटलं, तुझे सर खोटं बोलणाऱ्यातले नाहीत, तू पुन्हा एकदा तपासून बघ."

तिने जिन्याकडे पाहिलं.

"वही तेव्हा घरात होती?"

"हो. अभ्यासिकेत."

"म्हणजे ती बसली होती त्याच्या बरोबर वर," चित्रा म्हणाली. "तुम्ही मलाही तुमच्यासाठी खोटं बोलायला लावलंत, आणि मला पत्तासुद्धा नाही."

तेव्हापासून आम्ही जेवणाखाण्यापुरतं बोलतो. ती रागावलेली दिसत नाही. पन्नास वर्षं संसार केलेल्या माणसाकडे ती थोडं लांबून बघते आहे, एवढंच.

तू स्वतःवर संशय घेतलास, हे मला आजवर माहीत नव्हतं. मी समजत होतो, तू माझ्यावर चिडून गेलीस. चिडलेल्या माणसाबद्दल फार वाईट वाटून घ्यावं लागत नाही.

जनार्दन


सस्काटून, ६ जानेवारी २०२५

सुरुची,

परवा फोनवर जे ठरलं, ते लिहून ठेवतो. म्हातारपणी ऐकलेलं सोयीस्कर आठवतं, माझ्या बाबतीत तर जास्तच.

फोन गौरांगीने लावून दिला. "आर यू द प्रोफेसर?" तिने विचारलं. मी हो म्हटलं. "ओके. मॉम्स बीन वॉकिंग अराउंड द किचन फॉर अॅन अवर," ती म्हणाली आणि फोन तुझ्याकडे दिला.

दोन्ही पत्रं तुला एकाच दिवशी मिळाली. तू ती कॉन्डोच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून वाचलीस. तू म्हणालीस, "सर, मला आधी राग आलाच नाही. हायसं वाटलं. एवढी वर्षं मी समजत होते, एका उच्चारामागे लागून मी स्वतःचं वाटोळं करून घेतलं. ऑफिसमध्ये कुणी जपानी माणूस एखादा शब्द वेगळा बोलला, तरी मी मान खाली घालायचे. राग दुसऱ्या दिवशी आला. तो अजून आहे."

"असू दे," मी म्हणालो.

तू सांगितलेलं असं. पहिलं, वहीच्या प्रत्येक पानाची प्रत तुला पाठवायची, काहीही न झाकता. दुसरं, लेख तू एकटी लिहिणार. माझं नाव सहलेखक म्हणून नको, प्रस्तावनाही नको. तिसरं, लेख बाहेर पडण्याआधी मी जॅनेटला स्वतः, तिच्यासमोर बसून सांगायचं. तिच्यावर ते वर्तमानपत्रातून वाचायची वेळ येऊ नये.

पदवीबद्दल मी विचारलं, तेव्हा तू हसलीस. "आता त्या पदवीचं मी काय करू? इथे शिपमेंट वेळेवर आली की मी हुशार." पण मग म्हणालीस, "तरी विद्यापीठाला लिहा, सर. घडलं ते सगळं लिहा आणि खाली सही करा. त्यांना काय करायचं ते करू देत."

आज सकाळी ते पत्र दिलं. सोबत प्रकाशकालाही लिहिलंय, की पुस्तक पुन्हा छापू नये. चित्राने दोन्ही पत्रं वाचली, एका ठिकाणचा 'दुर्दैवाने' खोडला आणि परत दिली.

जनार्दन


सस्काटून, २ मार्च २०२५

सुरुची,

उशीर झाला, कारण तिसरं काम मी पुढे ढकलत होतो. थंडी उणे पस्तीसवर गेली होती, ते एक कारण मिळालं. मग थंडी कमी झाली.

जॅनेट आता वृद्धांच्या सोसायटीत एका खोलीत राहते. चौऱ्याऐंशीची होईल, पण तल्लख आहे. तिने चहा केला. मी वही तिच्यासमोर ठेवली आणि सगळं सांगितलं. तिचे वडील, तो ऑक्टोबरचा अहवाल, तिच्या आत्याने खणात जपलेलं गुपित. मग ती पानं तिने भिंग घेऊन स्वतः वाचली. मी खिडकीबाहेर नदीवरचं बर्फ बघत बसलो.

"बिचारा गॉर्डन," ती शेवटी म्हणाली. "लहानपणी त्याने मला सायकल शिकवली, कॉलेजला पाठवलं. माझ्या नजरेला मात्र कधी नजर दिली नाही. मला वाटायचं, मी त्याला आवडत नाही."

"त्याच्या अहवालामुळेच झालं, असं कुणी म्हणू शकणार नाही," मी म्हटलं. "तो कुणी वाचला की नाही, तेही माहीत नाही."

"मला कळतं ते," जॅनेट म्हणाली. "ज्यांनी माझ्या वडिलांना पाठवलं, त्यांच्याकडे कागदांची काय कमी होती? ज्यांना जे ऐकायचं होतं, त्यांनी ते ऐकलं. गॉर्डनने मला हे सांगितलं असतं तर मी त्याला माफ केलं असतं, जनार्दन. मी सोळा वर्षांची असताना केलं असतं. तिशीत केलं असतं. त्याने ती संधी मला दिलीच नाही. एडिथने दिली नाही." तिने भिंग खाली ठेवलं. "आणि तू एकवीस वर्षं दर थँक्सगिव्हिंगला माझ्या टेबलावर जेवलास."

"हो."

"आता घरी जा. मला थोडे दिवस दे."

दहा दिवसांनी तिचा फोन आला. वही तिने विद्यापीठाच्या संग्रहाला देऊन टाकली, कुणालाही बघता येईल या अटीवर. तुझा नंबर तिने मागून घेतला. तुमचं बोलणं झालं, हे चित्राने सांगितलं. काय झालं, ते मी विचारलं नाही. यंदाच्या थँक्सगिव्हिंगबद्दल जॅनेट काही बोलली नाही. बोलेल, अशी अपेक्षाही नाही.

जनार्दन


सस्काटून, २५ मे २०२५

सुरुची,

लेखाचा कच्चा खर्डा मिळाला. सल्ला देऊ नका, फक्त चुका सांगा, असं तू लिहिलंस. तेवढंच करतो.

पान चार: मॅकरे टोकियोला १९३८च्या मार्चमध्ये पोचला. तू १९३७ धरलंयस. त्या वर्षी फक्त नेमणूक झाली होती.

पान नऊ: नौदलातल्या दोन गटांबद्दलचा परिच्छेद माझ्या पुस्तकातल्या त्याच विषयावरच्या चाळीस पानांपेक्षा चांगला आहे. ही चूक नाही. पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. भूदलाने खऱ्या मवाळ माणसांच्या नावाने खोटा मवाळपणा बाहेर पाठवला, आणि त्यामुळे खऱ्यांचं म्हणणंही कुणाला ऐकू गेलं नाही, हा तुझा मुद्दा मला जन्मात सुचला नसता. मी त्या माणसांवर फार खूश होतो.

पान बारा, जिथे तू प्रबंध अमान्य झाल्याचं लिहिलंयस: विद्यापीठाचं पत्र तुला आलंच असेल. प्रबंध पुन्हा तपासायला ते तयार आहेत. तू काय उत्तर द्यायचं, ते तुझं तू ठरव. चित्राने मात्र, तू आलीसच तर असावी म्हणून, पाहुण्यांच्या खोलीतली माझी पुस्तकं कालच हलवली.

आता तळटीप सतरा. तू लिहिलंयस, 'ही नोंदवही २०२४ साली मॅकरे कुटुंबाच्या कागदपत्रांत आढळली.' आढळली. वाचून मी खर्डा मिटला आणि बराच वेळ हातात धरून बसलो. तू हे विसरून लिहिलं नाहीस, मला माहीत आहे. माझं वय, माझं नाव, चित्रा, यांच्याकडे बघून लिहिलंस. मी तुझ्यासाठी जे करायला हवं होतं, त्याच्या दसपट तू एका ओळीत माझ्यासाठी केलंस.

पण ते खोटं आहे, आणि तू चुका सांगा म्हणालीस. ती ओळ काढ. तिच्या जागी असं काहीतरी लिही: 'ही नोंदवही मे २००३ पासून प्राध्यापक जनार्दन खांबेटे यांच्याकडे होती. प्रस्तुत लेखिकेचा प्रबंध त्यांनी जून २००३ मध्ये नाकारला, तेव्हा त्यांनी ती वाचलेली होती.'

इंग्रजीत तू हे माझ्यापेक्षा नीट लिहिशील. फक्त 'वाचलेली होती' हे सौम्य करू नकोस.

जनार्दन